राखेच्या तलावाजवळच्या विहिरींवर अणुकेंद्रासारखी पाळत ठेवता येईल का?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी वर्धा नदीकाठच्या एका गावाचा जलसुरक्षक आहे. जिल्हा चंद्रपूर, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नळाला पाणी सोडणं, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं, सकाळी ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहणं) करणं आणि ठरलेल्या वेळी बाटल्या भरून भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत पोचवणं, हे माझं काम. मानधन सांगण्यासारखं नाही, पण आठ वर्षांत एकही खेप चुकवली नाही.

गावापासून दीड किलोमीटरवर एका कंपनीच्या वीजघराचा राखेचा तलाव आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की आमच्या वावरातली तुरीची धसकटं पांढरी होतात. त्याची आता सवय झाली. पण तीन वर्षांपासून पांढरीतल्या जुन्या विहिरीचं पाणी खारट-कडू लागून राहिलं. बाया म्हणतात, डाळ शिजत नाही. माझ्या वहीत त्या विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ६४० आहे, यंदाच्या मेमध्ये १,१८०. अख्ख्या गावाचं म्हणणं एकच, राखेचं पाणी झिरपून राहिलं. कंपनीचा माणूस म्हणतो, सिद्ध करा. माझ्या तपासणी पेटीत कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह एवढंच निघते. राखेचं असं काही निघत नाही.

आता यात अणू कुठून आला ते सांगतो. ग्रामसभेत एका पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं की दगडी कोळशाच्या राखेत युरेनियम असते. दुसऱ्या दिवसापासून दोन घरांनी लेकरांना विहिरीचं पाणी देणं बंद केलं. एक आजी मला विचारत होती, बापू, नातसुनेला दिवस गेले आहेत, तिला कोणतं पाणी पाजू? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. जिथं खरोखरच अणुभट्ट्या आहेत, युरेनियमचे कारखाने आहेत, तिथल्या आसपासच्या विहिरींवर कोणी ना कोणी नजर ठेवत असेलच. ते लोक काय करतात? कोणती विहीर निवडतात, बाटली कशी भरतात, पाणी बिघडलं हे कशावरून ओळखतात? त्यातलं आमच्यासारख्या गावाला काय जमेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रसायन शिक्षक, वणी

राखेसाठी सल्फेट आणि बोरॉन तपासा. राखेतून हे दोन आधी सुटतात आणि पाण्यासोबत लांबपर्यंत जातात. अमेरिकेत २०१५ साली राखेच्या तलावांसाठी नियम झाला, त्यात भूजलाच्या पहिल्या चाळणीत बोरॉन, कॅल्शियम, क्लोराईड, फ्लोराईड, सल्फेट, सामू (पीएच) आणि टीडीएस एवढ्याच गोष्टी ठेवल्या आहेत. आर्सेनिक, सेलेनियम वगैरे पुढच्या पायरीवर. सल्फेटची आपल्याकडची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ४००.

बाकी माझं मत असं की एवढा खटाटोप गावानं का करावा? प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, ते त्यांचं काम आहे.

हिंगणघाटचे काका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी आता घरची सहा एकर पाहतो. त्याआधी सव्वीस वर्षं एका खाजगी प्रयोगशाळेच्या नोकरीत विदर्भाबाहेर होतो, आणि त्यातली बरीच वर्षं अणुउद्योगाच्या भोवतालच्या विहिरींचे नमुने भरण्यात गेली. मी शास्त्रज्ञ नाही. बाटली, दोर आणि नोंदवही, एवढं माझं काम. पण ते काम मला येतं.

आधी त्या आजीबाईंसाठी. कोळशात युरेनियम आणि थोरियम असतं हे खरं. कोळसा जळतो, ते जळत नाही, म्हणून राखेत त्याचं प्रमाण वाढतं. पण राखेच्या काचेसारख्या कणांत ते बरंचसं अडकून राहतं, सल्फेटसारखं झटकन विरघळत नाही. शिवाय पाण्यातल्या युरेनियमची पहिली काळजी किरणांची नसते, मूत्रपिंडाची असते. आपल्याकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबातही लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. एकदा तपासून घ्या, मोजता येणारी गोष्ट आहे. तोवर लेकरांना आणि त्या पोरीला ज्या विहिरीची चव आणि टीडीएस आठ वर्षांत बदलला नाही तिचं पाणी द्या, टीसीएल वगैरे नेहमीचं सांभाळून. तुमच्या वहीत ती विहीर सापडेल.

वहीवरूनच पुढचं सांगतो. अणुकेंद्राजवळ पाण्याचं काम केंद्र सुरू झाल्यावर सुरू होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होतं. आपल्या देशात प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. भट्टी पेटण्याआधीच ती ३० किलोमीटरपर्यंतचं पाणी, माती, दूध, मासे, धान्य तपासून लिहून ठेवते. कारण युरेनियम जमिनीत मुळातच असतं, ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) थोडंफार पावसातही असतं. आधी किती होतं हे माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थच राहत नाही. फ्रान्समध्ये त्रिकास्तँ नावाच्या ठिकाणी ८ जुलै २००८ च्या पहाटे एका कारखान्यातून सुमारे ७४ किलो युरेनियम असलेलं द्रावण सांडलं. विहिरींचं पाणी वापरायला बंदी झाली, सगळ्या विहिरी तपासल्या, आणि काही विहिरींत असं युरेनियम निघालं की त्या रात्रीच्या सांडण्याशी त्याचा मेळ बसेना. मग ते जुनं की नैसर्गिक, यावर पुढे चर्चा चालत राहिली. तुमच्याकडे आठ वर्षांची वही आहे. तिची झेरॉक्स आजच करा आणि एक प्रत गावाबाहेर ठेवा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. बाटलीला हात लावण्याआधी पाणी जमिनीखालून कुठून कुठं जातं ते शोधा. आम्ही नव्या जागी गेलो की पहिला महिना एकही नमुना भरायचो नाही. नुसत्या पातळ्या मोजायचो. तीन विहिरी घ्या, एका ओळीत नसलेल्या. एक तलावाजवळची, बाकी दोन गावाकडच्या. तिघींच्या काठाची उंची एकमेकींच्या तुलनेत काढा. त्यातून काठापासून पाण्यापर्यंतची खोली वजा केली की पाण्याची खरी पातळी मिळते. ती कागदावर मांडली की उतार कुठल्या अंगाला आहे ते दिसतं. मोबाईलमधल्या उंचीवर विसंबू नका, ती कित्येक मीटरनं चुकते. गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि टप्प्याटप्प्यानं पुढे सरका. दोन दिवस जातील, जाऊ द्या.

हे एकदा करून थांबू नका. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा, दोन्ही वेळा करा. उन्हाळ्यात कोणी मोठी बोअर रात्रंदिवस चालवली की पाणी त्या बोअरकडे ओढलं जातं आणि उतार फिरतो. वर्धेला पूर आला की नदीच काठाला पाणी देते. बेसाल्टच्या भागात तर पाणी मुरमातून आणि खडकाच्या फटींतून जातं, तिथं तीन विहिरींचा त्रिकोण फसवूही शकतो. तुमच्याकडे वाळूचा दगड किंवा गाळाची जमीन असेल तर तो बऱ्यापैकी खरं बोलतो.

उतार कळला की एक विहीर तलावाच्या वरच्या अंगाची घ्या, जिथं तलावाचं पाणी पोचूच शकत नाही. ती तुमची साक्षीदार. खालच्या अंगाच्या विहिरीत वाढ दिसली आणि साक्षीदार विहीर जागच्या जागी असली, तरच बोट दाखवता येतं. दोन्हीकडे सारखीच वाढ असेल तर कारण वेगळं.

आता कोण आधी येतं ते. अणूच्या कामात ट्रिटियमची वाट पाहतात. तो हायड्रोजनचाच भाऊ, पाण्याच्या कणातच बसलेला, म्हणून पाणी जितक्या वेगानं चालतं तितक्याच वेगानं तो चालतो. मातीत अडकत नाही, आरओनं गाळलाही जात नाही. अमेरिकेत ब्रेडवूड नावाच्या केंद्राच्या पाइपलाइनवरचे व्हॉल्व्ह गळायचे. २००५ च्या सुमारास शेजारच्या विहिरींत ट्रिटियम सापडलं, तेव्हा कुठे त्या गळत्यांचा गाजावाजा झाला. एका घरगुती विहिरीतलं प्रमाण तर पिण्याच्या मर्यादेच्या खूप खाली होतं. सिझियम हेही भट्टीतलंच किरणोत्सारी द्रव्य, पण उलट स्वभावाचं, चिकणमाती त्याला घट्ट धरते. तसंच तिसरं, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियमसारखं वागतं, थांबत थांबत जातं. म्हणून सिझियम नाही सापडलं याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. तुमच्या राखेत ट्रिटियमची जागा सल्फेट आणि बोरॉनची, वणीच्या सरांनी बरोबर सांगितलं. ती दोन खबर घेऊन आधी येतात, आर्सेनिकसारखी मंडळी मागून.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक इशारा. भिजलेली असली की ती उत्तम गाळणी. पण मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि मिरगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं. मातीला काही धरायला वेळच मिळत नाही. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतरचा नमुना चुकवू नका.

बाटलीचं. बोअरमधलं उभं पाणी आधी काढून टाका, पाइपात जितकं साठतं त्याच्या तिप्पट, किंवा टीडीएस मीटरवरचा आकडा स्थिर होईपर्यंत. विहिरीत पृष्ठभागावरचं पाणी भरू नका, बाटली दगड बांधून खाली सोडा. त्याच पाण्यानं तीनदा खंगाळा. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळा देते ते नायट्रिक आम्ल, नायट्रेटच्या बाटलीत नाही, ती थंड ठेवायची. ट्रिटियमच्या कामावर जाताना अंधारात चमकणाऱ्या काट्यांची घड्याळं आम्हाला काढून ठेवावी लागत, कारण त्या रंगातलं ट्रिटियम नमुन्यात उतरू शकतं. तुमच्याकडे तसा धोका टीसीएलच्या हातांचा. पावडर टाकलेल्या हातानं बाटली उघडली की क्लोराईड वाढलंच समजा. नमुन्याचा दिवस वेगळा ठेवा. आणि दर खेपेला दोन बाटल्या जास्तीच्या न्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि ती वावरात उघडून बंद करा. दुसरी एखाद्या विहिरीचीच, पण वेगळ्या नंबरची. कोरी बाटली कोरी आली आणि जोडीच्या बाटल्या जुळल्या की तुमचा आकडा कोणीही उडवून लावू शकत नाही.

आता जे मनात इतकी वर्षं आहे ते लिहितो. माझ्या यादीत एका म्हाताऱ्या बाईची विहीर होती. दर तीन महिन्यांनी मी जायचो, ती रहाट सोडून बाजूला उभी राहायची, ताक द्यायची. सात वर्षं. एक दिवस म्हणाली, "पाणी नेतोस बाबा, पण आणून काही देत नाहीस." तिला आकडा हवा होता. आमच्या मालकांचा नियम होता की निकाल फक्त गिऱ्हाईक कंपनीला द्यायचा. तिचं पाणी चांगलं होतं. मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही. पुढल्या खेपेला गेलो तर दाराला कुलूप होतं. ती गेली होती. स्वतःच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे एवढंही तिला कळलं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात फर्नाल्डला युरेनियमचा कारखाना होता. शेजारच्या तीन विहिरींत युरेनियम असल्याचं १९८१ मध्ये कळलं आणि घरच्यांना सांगितलं गेलं १९८४ मध्ये. तीन वर्षं लोक ते पाणी पीत होते. कारखाना १९८९ साली बंद झाला, जमिनीवरची साफसफाई २००६ साली संपली, भूजल उपसून शुद्ध करणं त्यानंतरही चालूच राहिलं.

म्हणून वणीच्या सरांना नम्रपणे सांगतो, तक्रार जरूर करावी, पण गावानं स्वतः मोजावंच. आणि भाऊ, ज्याच्या विहिरीचं पाणी न्याल त्याला आकडा त्याच्या अंगणात जाऊन द्या. चांगला असला तरी द्या.

संत्र्याचं वावर, वरूड

काकांनी सांगितलेली पातळी मोजणी आमच्या गावात बायाच करतात, म्हणून थोडं माझंही. मोजायचं यंत्र नसेल तर पोलादी टेप घ्या, खालच्या दोन हातांना खडू घासा आणि टेप विहिरीत सोडा. काठावरचा आकडा पूर्ण मीटरवर धरा, टेप वर काढा, खडू जिथपर्यंत ओला तो आकडा वजा करा. कापडी टेप ताणतो, तो चालत नाही. काठावर ऑइल पेंटनं बाण काढून ठेवा आणि दर वेळी तिथूनच मोजा. आमच्याकडे एकीनं कठड्यावरून मोजलं, दुसरीनं पायरीवरून, आणि आम्ही आठ दिवस भांडत बसलो की पाणी उतरलं कसं.

मोजायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या मोटरी बंद पाहिजेत. हे टेप सोडण्यापेक्षा कठीण आहे. आधी घरोघरी जाऊन सांगा, दादा.

वर्धाकाठ

काका, ताई, सर, सगळ्यांचे आभार. पंचवीस दिवसांनी लिहून राहिलो, कारण नुसतं "करतो" म्हणून लिहायचं नव्हतं.

गवंडी मिळाला, माझाच आतेभाऊ. नळी तीस मीटरची. दोन दिवस म्हटले होते, चार लागले, कारण मधात कपाशीचा वेचा होता आणि लोक मोकळे नव्हते. मोटरी बंद ठेवायला सरपंचबाई स्वतः फिरल्या. तलावाजवळच्या धडक सिंचन योजनेतल्या विहिरीचा काठ आम्ही १०० मीटर धरला. तिथं पाणी ५.४० वर, म्हणजे पातळी ९४.६०. पांढरीतल्या कडू विहिरीचा काठ ९८.७०, पाणी ४.५० वर, पातळी ९४.२०. शाळेमागं एक बंद पडलेली बोअर आहे, तिचं तोंड ९७.९०, पाणी ५.८० वर, पातळी ९२.१०. तलावापासून दोन्हीकडचं अंतर साधारण सारखंच.

म्हणजे उतार पांढरीकडं जवळपास नाहीच. तो शाळेकडं आहे. कागदावर रेघ मारली तेव्हा मी आणि आतेभाऊ दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

प्रयोगशाळेतून तीन बाटल्यांचे निकाल आले. तलावाजवळच्या विहिरीत सल्फेट ४१०. वरच्या अंगाच्या साक्षीदार विहिरीत ३५. कडू विहिरीत सल्फेट ६४, पण नायट्रेट ७८ आणि क्लोराईड ३१०. नायट्रेटची मर्यादा ४५. त्या विहिरीच्या वरच्या बाजूला तीन वर्षांपूर्वी मोठा गोठा झाला, शेणखताचा उकिरडा काठापासून बारा पावलांवर आहे. मी त्या घरी गेलो आणि आकडे दाखवले. आधी ते चिडले. मग त्यांच्या आईनं विचारलं, उकिरडा कुठं हलवायचा ते तूच दाखव. दाखवला.

आजीलाही सांगून आलो. नायट्रेट एवढं आहे तोवर कडू विहिरीचं पाणी नातसुनेला नको आणि लेकरू झालं की त्यालाही नको, उकळूनही नको, कारण उकळून नायट्रेट जात नाही. देवळामागच्या विहिरीचं भरा, तिचा टीडीएस आठ वर्षांत ५० पेक्षा जास्त खालीवर झाला नाही. युरेनियमची बाटली नागपूरला गेली आहे, निकाल यायचा आहे.

पण काका, शाळेत हापशी आहे. पोरं डबा खाल्ला की तिथंच पाणी पितात. आम्ही सगळे पांढरीतल्या विहिरीकडे पाहत बसलो आणि त्या हापशीची बाटली दोन वर्षांत सल्फेटसाठी एकदाही भरली गेली नाही. उद्या भरायची आहे. हापशीचं उभं पाणी किती काढू? किती हापसे मारायचे ते सांगा.

हिंगणघाटचे काका

हापसे मोजू नका. बादलीनं मोजा. बोअरची खोली आणि पाइपाचा व्यास ग्रामपंचायतीच्या नोंदीत असेल, त्यावरून उभं पाणी किती ते निघेल, त्याच्या तिप्पट काढा. नोंद नसेल तर दर पाच बादल्यांनी मीटर बुडवा. लागोपाठ तीन वेळा आकडा तोच आला की भरा. मीटर आधी १,४१३ मायक्रोसिमेन्सच्या तपासणी-द्रावणात बुडवून बरोबर दाखवतो का ते पाहून घ्या.

एक बाटली सल्फेट-बोरॉनला, एक धातूंना आम्ल घालून, एक जोडीची, एक कोरी. उद्या शाळा भरायच्या आधी करा आणि निकाल येईपर्यंत पोरांना घरून पाण्याच्या बाटल्या आणायला सांगा. मुख्याध्यापकांना मी फोनवर बोलायला तयार आहे.

सोमवारी पहिल्या बसनं येतो. माझ्याकडे तळाला वजन असलेली बाटली आणि पन्नास मीटरचा दोर आहे, तो घेऊन येतो. शाळेच्या पुढे नदीपर्यंत आणखी कोणाच्या विहिरी आहेत त्यांची यादी तयार ठेवा.